एस्क्रोत पैसे भरले पण डोमेन येतच नाही: नक्की कुठे अडकतं आणि काय करायचं

डोमेन आधीच कुणाच्या तरी नावावर आहे, मालकाशी मेलवर बोलणं झालं, किंमत ठरली, एस्क्रोतून (पैसे मधल्या तिसऱ्या कंपनीकडे ठेवून) करू असं दोघांनी मान्य केलं, घेणाऱ्याने पैसे भरले आणि मग काहीच होत नाही. विकणारा म्हणतो मी कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) दिलाय, माझं काम संपलं. घेणाऱ्याच्या अकाउंटला डोमेन दिसत नाही. एस्क्रोच्या पानावर विक्रेत्याकडून ट्रान्सफरची वाट बघतोय एवढंच लिहिलेलं, सपोर्टला मेल टाकला तर तेच वाक्य परत येतं. चार-पाच दिवस गेले की दोघांनाही वाटायला लागतं समोरचा गंडवतोय. खरं सांगायचं तर बऱ्याचदा कोणीच गंडवत नसतं, फक्त डील उलट्या क्रमाने केलेली असते.

मुळात एस्क्रोकडून अपेक्षाच भलती असते. एस्क्रोवाले पैसे धरून ठेवतात, दोघांनी मान्य केलेल्या अटी पुऱ्या झाल्या की सोडतात. डोमेन हलवायचं काम त्यांचं नाही, ते रजिस्ट्रारकडे (डोमेन जिथे नोंदवलंय त्या कंपनीकडे) होतं आणि रजिस्ट्रार आयकॅनच्या, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, नियमांनी चालतो. म्हणजे एकाच डीलमध्ये दोन वेगळ्या मुदती चालू असतात, एक एस्क्रोच्या तपासणीची (मिळालेलं डोमेन बघून स्वीकारायला घेणाऱ्याला दिलेला वेळ) आणि एक रजिस्ट्रारच्या ट्रान्सफरची, आणि या दोघांना एकमेकांची काही खबर नसते. अडकलेल्या डील सोडवताना मी आधी हेच बघतो की कुठली मुदत कुठल्या मुदतीवर आपटली.

सगळ्यात आधी, पैसे खऱ्या एस्क्रोतच गेलेत ना

हे कंटाळवाणं वाटेल पण इथून सुरुवात करा, कारण हे चुकलं असेल तर खालचं सगळं वाचून उपयोग नाही. एस्क्रो डॉट कॉम 1999 पासून आहे आणि लायसन्स घेऊन काम करतं, सेडोसारख्या मार्केटप्लेस स्वतःच पैसे धरून ट्रान्सफर करून देतात. पण विकणारा हट्टाने म्हणतोय की अमुकच एस्क्रो वापरू, आणि ते नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही, तर त्या एस्क्रोच्या साइटचं स्वतःचं डोमेन कधी रजिस्टर झालंय ते लुकअपमध्ये (डोमेनची उघड नोंद बघायच्या पानावर) बघा. काही महिन्यांपूर्वीचं असेल आणि साइटवर मात्र वर्षानुवर्षांचा अनुभव लिहिलेला असेल तर विषय संपला. पैसे कुणा व्यक्तीच्या नावाच्या खात्यात किंवा क्रिप्टोमध्ये मागितले तरी तेच.

मेलमधल्या लिंकवरून एस्क्रोत कधी जाऊ नका, पत्ता हाताने टाइप करा. हे विकणाऱ्यालाही लागू आहे. पैसे जमा झालेत, आता डोमेन ट्रान्सफर करा असा हुबेहूब एस्क्रोसारखा दिसणारा मेल येतो आणि माणूस डोमेन देऊन बसतो. लॉगिन करून व्यवहाराच्या पानावर जे दिसतं तेच खरं. बँक खातं बदललंय, आता या खात्यात भरा असा मेल मधेच आला तर त्यावर एक पैसाही पाठवू नका, दोघांपैकी कुणाचा तरी मेल हॅक झालेला असू शकतो.

दुसरा एक साधा प्रकार असतो, एस्क्रो खरी आहे, तुम्ही वायर (बँकेतून थेट ट्रान्सफर) पाठवली, पण तिकडे पैसे मिळाले नाहीत असंच दिसतंय. इथे तीन गोष्टी बघा: रेफरन्समध्ये व्यवहार क्रमांक टाकलाय का, मधल्या बँकेने चार्जेस कापून रक्कम कमी पोचली का, आणि पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव एस्क्रो अकाउंटच्या नावाशी जुळतं का. थोडीशी रक्कम कमी पडली तरी व्यवहार पुढे सरकत नाही. ओळख पटवायची कागदपत्रं तर दोघांनीही डील सुरू करतानाच देऊन टाकावीत, शेवटी पैसे सुटायच्या वेळी विकणाऱ्याचं व्हेरिफिकेशन बाकी निघालं की तो घेणाऱ्यावर चिडतो, ज्याची त्यात काही चूक नसते.

डोमेनचं स्टेटस वाचा, समोरच्याला विचारत बसू नका

विकणारा काय म्हणतो यापेक्षा रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या एका शेवटाच्या सगळ्या डोमेनची मुख्य नोंद ठेवणारी संस्था) काय म्हणते ते महत्त्वाचं. आयकॅनच्या लुकअपमध्ये डोमेन टाका. डोमेनची नोंद बघायची जुनी पद्धत, हूइज, आता गेली, डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी जानेवारी 2025 पासून तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतलीय, दिसायला थोडं वेगळं आहे पण कामाचं सगळं तिथे आहे. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, 2018 मध्ये युरोपचा प्रायव्हसी कायदा लागू झाला तेव्हापासून हे असंच आहे, त्यामुळे नाव दिसत नाही म्हणून लगेच घाबरू नका. स्टेटस, रजिस्ट्रार, नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) आणि तारखा मात्र उघड दिसतात आणि तुम्हाला तेच हवंय.

क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड लिहिलेलं असेल तर लॉक चालू आहे. नुसतं एवढंच असेल तर काही मोठं नाही, विकणाऱ्याने त्याच्या पॅनलमध्ये (रजिस्ट्रारकडच्या अकाउंटच्या पानावर) जाऊन अनलॉक करायचंय, कितीदा तरी तो कोड पाठवतो आणि अनलॉक करायचं विसरतो. अनलॉकचं बटणच दाबता येत नसेल तर मामला वेगळा, तो पुढे येतोच. सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड असेल तर लॉक रजिस्ट्रीच्या पातळीवर आहे, ते पॅनलमधून निघत नाही, विकणाऱ्याला रजिस्ट्रारशी बोलावं लागेल, आणि अशा वेळी ते का लागलंय हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका कारण कोर्टाचा किंवा ट्रेडमार्कचा वाद चालू असू शकतो. यूडीआरपीखाली (ट्रेडमार्कवरून होणारे डोमेनचे वाद सोडवायची आयकॅनची पद्धत) तक्रार झाली की निकाल लागेपर्यंत डोमेन लॉकच राहतं आणि तुम्ही पैसे भरून त्या भांडणात उगाच उतरता.

पेंडिंग ट्रान्सफर दिसत असेल तर खरं म्हणजे सगळं ठीक चाललंय, फक्त वाट बघायची आहे. जुन्या रजिस्ट्रारला उत्तर द्यायला 5 दिवस मिळतात आणि त्याने काहीच केलं नाही तर ट्रान्सफर आपोआप मंजूर होते. पण ते 5 दिवस काढायलाच हवेत असं नाही, जुना रजिस्ट्रार डोमेनच्या मालकाला मेल पाठवतो, काहींच्या पॅनलमध्येही बटण असतं, विकणाऱ्याने तिथे मंजुरी दिली की काम लवकर उरकतं. त्याला हे माहीतच नसतं. एक मेसेज टाका, की तुमच्या रजिस्ट्रारकडून मंजुरीचा मेल आला असेल, स्पॅममध्ये बघा.

रिडेम्पशन पीरियड किंवा पेंडिंग डिलीट दिसलं तर मात्र थांबा. डोमेन एक्स्पायर होऊन डिलीट झालंय, 30 दिवस रिडेम्पशनचे (त्यात जुन्या मालकाला ते परत मिळवता येतं) आणि मग 5 दिवस पेंडिंग डिलीटचे असतात, आणि पेंडिंग डिलीटमध्ये गेलेलं डोमेन विकणारा परत आणूच शकत नाही. डील चालू असताना एक्स्पायरी जवळ येत असेल तर आधी रिन्यू करून घ्या मग पुढचं बोला, हे अटीतच लिहा. रिन्यूचा खर्च कोणाचा यावर वाद घालत बसण्याइतकी ती रक्कम नसते.

60 दिवसांचं लॉक, सगळ्यात जास्त डील इथेच मरतात

अनलॉकचं बटण दाबता येत नाही असं विकणारा म्हणाला तर बहुधा हेच आहे. तीन कारणांनी लागतं. डोमेन नवीन रजिस्टर होऊन 60 दिवस झालेले नाहीत, किंवा एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे येऊन 60 दिवस झालेले नाहीत, किंवा मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदललंय. पहिलं लुकअपमधल्या तारखेवरून पकडता येतं, दुसऱ्याचा तिथे फार तर अंदाज येतो, तिसरं बाहेरून कळत नाही आणि गोंधळ तिथेच होतो.

होतं काय, विकणारा माणूस चांगला असतो, त्याला वाटतं आता डोमेन यांचं झालं तर ट्रान्सफरच्या आधीच यांचं नाव टाकून देऊ. तो पॅनलमध्ये जाऊन मालकाच्या जागी तुमचं नाव आणि ईमेल भरतो. 1 डिसेंबर 2016 पासून आयकॅनचा नियम आहे की मालक बदलला की रजिस्ट्रारने दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायची वाट 60 दिवस बंद करायची. आता डोमेन अडकलं त्याच्या अकाउंटमध्ये, तुमच्या नावाने, आणि पैसे एस्क्रोत. काही रजिस्ट्रार नाव बदलायच्या आधी हे लॉक नको असं निवडायचा पर्याय देतात, पण तो आधी निवडावा लागतो, एकदा बदल झाला की मागून सहसा काही करता येत नाही. घाईने नाव परत जुनं करायला सांगू नका, तोही मालक बदलच धरला जातो.

यावर उपाय आहे आणि लोक उगाच 60 दिवस वाट बघतात. हे लॉक रजिस्ट्रार बदलण्यावर आहे. त्याच रजिस्ट्रारच्या एका अकाउंटमधून दुसऱ्या अकाउंटमध्ये डोमेन ढकलता येतं, याला सगळे पुश म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी पुश या लॉकमध्येही चालतो. तुम्ही विकणाऱ्याच्याच रजिस्ट्रारकडे एक अकाउंट उघडा, अकाउंट उघडायला पैसे लागत नाहीत, तुमचा ईमेल किंवा ग्राहक क्रमांक त्याला द्या, तो पुश करेल, थोड्या वेळात डोमेन तुमच्या पॅनलमध्ये. पुढे 60 दिवस तिथून हलवता येणार नाही, पण त्याने काय बिघडतंय, डोमेन तुमच्या ताब्यात आहे, नेमसर्व्हर तुम्ही बदलू शकता, साइट चालू करू शकता.

माझं तर मत असं की लॉक असो नसो, घेणाऱ्याने कायम पुशच मागावा. कोडची भानगड नाही, 5 दिवसांची वाट नाही, आणि डील फिसकटली तर परत पुश करून देता येतो. रजिस्ट्रार बदलून आणलेलं डोमेन परत द्यायचं म्हटलं तर नव्या ठिकाणी पुन्हा 60 दिवसांचं लॉक आडवं येतं, मग एस्क्रोत पैसेही अडकलेले आणि डोमेनही. लोकांना मात्र आपल्याच आवडत्या रजिस्ट्रारकडे पहिल्या दिवसापासून हवं असतं.

देशांच्या डोमेनना हे नियम जसेच्या तसे लावू नका. त्यांच्या रजिस्ट्रीचे स्वतःचे नियम असतात, कोडची पद्धत वेगळी असू शकते, आणि काहींना मालकावरच अटी असतात, म्हणजे डॉट ईयू घ्यायला तिथल्या रहिवासाची किंवा नागरिकत्वाची अट आहे. पैसे भरल्यावर कळलं की आपण पात्रच नाही तर एस्क्रो काय करणार.

कोड चालत नाही

याला ऑथ कोड म्हणा, ईपीपी कोड म्हणा, एकच. अवैध कोड असा एरर आला तर आधी कॉपी-पेस्ट करताना शेवटी स्पेस आलाय का बघा, मग शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा घोळ बघा (स्क्रीनशॉटमधून बघून टाइप करणारे लोक अजून आहेत). कोडमध्ये चित्रविचित्र चिन्हं असतात आणि चॅट ॲप त्यातली काही खाऊन टाकतं, म्हणून कोड साध्या टेक्स्टमध्ये एस्क्रोच्या मेसेज बॉक्समधून मागा, तिथे त्याची नोंदही राहते. बऱ्याच ठिकाणी कोडला मुदत असते किंवा लॉक-अनलॉक केलं की नवा कोड तयार होतो, तेव्हा क्रम असा ठेवायला सांगा की आधी अनलॉक, मग ताजा कोड. विकणारा म्हणाला की माझा रजिस्ट्रार कोडच देत नाही, तर मालकाने मागितल्यावर 5 दिवसांत कोड देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, एवढं त्याला सांगा.

मंजूर कधी दाबायचं

एवढी उठाठेव करून शेवटच्या बटणावर लोक घाई करतात. एस्क्रोवर तुम्ही स्वीकारलं असं दाबलं की पैसे सुटतात आणि परत येत नाहीत. उलट काहीच दाबलं नाही आणि तपासणीची मुदत संपली तर ते स्वीकारलंच असं धरून पैसे सोडले जातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून मुदत ठरवतानाच विचार करा. ट्रान्सफरला 5 दिवस लागू शकतात आणि तपासणी ठेवली 1 दिवस, वर विकणाऱ्याने कोड दिल्या दिल्या ट्रान्सफर झाली असं मार्क केलं, तर वेळ कमी पडणारच. अटींमध्ये सरळ लिहा की ट्रान्सफर झाली म्हणजे डोमेन घेणाऱ्याच्या अकाउंटमध्ये आलं, कोड मिळाला म्हणजे ट्रान्सफर झाली नाही. आणि तुम्ही स्वतः डोमेन मिळालं असं मार्क, ते खरंच हातात आल्याशिवाय करू नका.

हातात आलं म्हणजे काय? लुकअपमध्ये नेमसर्व्हर तुमचे दिसतायत एवढ्यावर दाबू नका, नेमसर्व्हर तर विकणाराही तुमच्याकडे वळवून देऊ शकतो आणि डोमेन त्याच्याकडेच राहतं. डोमेन तुमच्या पॅनलमध्ये दिसलं पाहिजे, मालकाच्या जागी तुमचं नाव आणि ईमेल पाहिजे, लॉक तुम्हाला लावता-काढता आलं पाहिजे (60 दिवसांचं असेल तर तसं पॅनलमध्ये लिहिलेलं दिसेल), आणि नेमसर्व्हर तुम्ही स्वतः बदलून बघितलेला पाहिजे.

हप्त्याने घेत असाल तर डोमेन विकणाऱ्याकडे ठेवू नका आणि विकणारा ते तुमच्याकडे ठेवणार नाही, अशा वेळी पैसे पूर्ण होईपर्यंत डोमेन स्वतःकडे धरून ठेवायची सोय देणारी एस्क्रो निवडा, एस्क्रो डॉट कॉमवर ती आहे.

विकणारा मालक आहे का

हे एस्क्रो तुमच्यासाठी तपासत नाही, निदान तुम्हाला वाटतं तितकं नाही. एस्क्रोला दिसतं की डोमेन हललं. चोरीचं डोमेनही व्यवस्थित हलतं.

पर्ल डॉट कॉमचं उदाहरण बघा. प्रोग्रॅमिंगच्या दुनियेत जुनं, नावाजलेलं डोमेन. सप्टेंबर 2020 मध्ये त्याचा ताबा चोरांकडे गेला, डिसेंबरमध्ये ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवलं गेलं आणि जानेवारी 2021 मध्ये नेमसर्व्हर बदलल्यावर जगाला कळलं, त्याच सुमाराला ते एका मार्केटप्लेसवर विक्रीलाही लागलं. मधले महिने चोर गप्प होते, आणि तेवढ्यात 60 दिवस आरामात निघून जातात. फेब्रुवारीत ते मूळ मालकांना परत मिळालं. मधल्या काळात कोणी ते विकत घेतलं असतं तर डोमेनही गेलं असतं आणि एस्क्रोतून पैसे कधीच सुटून गेलेले असते.

त्यामुळे किंमत फारच कमी वाटत असेल, रजिस्ट्रार नुकताच बदललेला असेल आणि त्याआधी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी असेल, साइट अचानक बंद पडलेली असेल, तर थांबा. वेबॅक मशीनमध्ये (साइटच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट) जुनी साइट बघा, तिथे संस्थेचं नाव आणि संपर्क सापडतो, त्या संपर्कावर सरळ विचारा की हे डोमेन विकताय का. विकणाऱ्याला सांगा की एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक ओळ) मी देतो तो डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्याच्या नोंदींमध्ये) टाक. याने त्याच्याकडे कंट्रोल आहे एवढंच सिद्ध होतं, मालकी नाही, पण ज्यांच्याकडे कंट्रोलही नाही असे हवेतले विक्रेते इथेच गळतात. वेबॅक बघता बघताच कळतं की मधे कोणी त्यावर जुगार किंवा स्पॅम चालवला होता का, स्पॅमसाठी बदनाम डोमेनच्या स्पॅमहाऊस यादीत आणि गूगलच्या सेफ ब्राउझिंगमध्येही (धोकादायक साइटची यादी) डोमेन टाकून बघा. नंतर मेल सगळे स्पॅममध्ये जातायत म्हणून रडणारे खूप आहेत आणि तेव्हा तपासणीची मुदत कधीच संपलेली असते.

डोमेन आलं, आता साइट उघडत नाही

आलं तरी एक-दोन गोष्टी राहतात. नेमसर्व्हर बदलले, चोवीस तास झाले, काहींना साइट दिसते काहींना सर्व्हफेल (पत्ता सापडत नाही असा एरर) येतं, हे दिसलं की डीएनएससेक, म्हणजे डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे सहीने तपासायची सोय, बघा. जुन्या मालकाने ते चालू केलेलं असतं, रजिस्ट्रीत त्याचा डीएस रेकॉर्ड (त्या सह्या ओळखायची नोंद) तसाच राहतो आणि तुमच्या नव्या नेमसर्व्हरच्या सह्या त्याच्याशी जुळत नाहीत. पॅनलमधून डीएस रेकॉर्ड काढा, कॅश संपेपर्यंत थांबा, मग हवं असेल तर नव्याने चालू करा.

दुसरं म्हणजे डोमेन छान चालू होतं आणि साधारण दोन आठवड्यांनी एकदम बंद पडतं, लुकअपमध्ये क्लायंट होल्ड, म्हणजे रजिस्ट्रारने थांबवलेलं. मालकाचा ईमेल नवीन आला की रजिस्ट्रार खात्री करायचा मेल पाठवतो आणि 15 दिवसांत त्यातली लिंक दाबली नाही तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं. पॅनलमधून तो मेल परत मागवा आणि लिंक दाबा, होल्ड निघतो. यात एक गंमत अशी की काही जण मालकाचा ईमेल म्हणून त्याच नव्या डोमेनवरचा पत्ता देतात. डोमेनच थांबलं की तो मेल येणार कुठे? मालकाचा पत्ता कायम दुसऱ्या डोमेनवरचा ठेवा.

आणि जुन्या मालकाकडे त्या डोमेनचं एसएसएल सर्टिफिकेट (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं) अजून वैध असू शकतं, विक्री झाली म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. सीआरटी डॉट एसएच (crt.sh) सारख्या सर्टिफिकेट शोधायच्या साइटवर डोमेन टाकलं की आजवर दिलेली सर्टिफिकेट दिसतात, मुदत न संपलेलं एखादं असेल तर ज्या कंपनीने ते दिलंय तिच्याकडे डोमेनचा नवा मालक म्हणून रद्द करायची मागणी करता येते. साइटवर पेमेंट किंवा लॉगिन ठेवणार असाल तर हे पहिल्याच आठवड्यात करून टाका.